सहाव्या बाजूपर्यंत

३ जून

प्रिय मामा,

सादर नमस्कार. फोनवर बोलून उपयोग नाही हे मागच्या वेळी कळलंच. मी इकडून ओरडत होते, तू तिकडून ओरडत होतास आणि ऑफिसातले सगळे माना वळवून बघत होते. हवेच्या दाबावर चालणाऱ्या पान्यांच्या आवाजाने तुझे कान खाल्ले, पण डोळे शाबूत आहेत ना? म्हणून पत्र.

मला एक पूल करायचा आहे. गाड्यांचा नाही, चालणाऱ्यांचा. ओढ्याच्या एका काठाला रुग्णालय आणि दुसऱ्या काठाला वस्ती आहे. सध्या लोक पेशंटला खुर्चीत बसवून दोन किलोमीटरचा वळसा घालतात. पूल वेदरिंग स्टीलचा आहे, म्हणजे तू ज्याला 'गंजकं पोलाद' म्हणायचास त्याचा. वरून गंजतं, तो गंजच पुढे अंगावरचा कोट होतो आणि रंग द्यावा लागत नाही.

अडचण अशी, की दोन्ही टोकांना दोन पोलादी पेट्या पाठीला पाठ लावून जोडायच्या आहेत आणि बोल्ट दोन्हींच्या आरपार जायला हवा. जाडी चोवीस मिलिमीटर, लांबी साडेसहाशे. दुकानदाराला लांबी सांगितली तर तो म्हणाला, "मॅडम, बोल्ट पाहिजे की काठी?" त्याच्याकडे एवढे लांब बोल्ट फक्त जस्ताचा थर दिलेले मिळतात. आमचे मोठे साहेब म्हणतात, घेऊन टाका. मला ते पटत नाही, पण नाही म्हणायला नुसतं पुस्तक पुरत नाही.

बाबांना विचारलं. ते म्हणाले, "बोल्टाचं मला विचारू नकोस," आणि समोरचा पंप खोलायला बसले. बावीस वर्षं झाली, मामा. एकेकाळी एकाच डब्यात जेवणारे तुम्ही दोघं, आई गेली त्या दिवशीही एका बाकावर मध्ये माझी पिशवी ठेवून बसला होतात. पिशवी मी उचलली, तरी जागा तेवढीच राहिली. मला ती जागा भरलेली बघायची आहे, हे आधीच सांगून टाकते. पण आज फक्त बोल्टाचं सांग.

तुझी,
पट्टी


१२ जून

चि. पट्टीस,

अनेक आशीर्वाद. माझ्या मिशीची दोन्ही टोकं पट्टीने मोजून "डावी दोन मिलिमीटर जास्त आहे" म्हणणारी पोर आता पूल बांधते, हे वाचून मी मिशी कापून घेतली. उगाच पुन्हा तपासणी नको.

आता कामाचं. जस्त अजिबात नको. जस्ताचा थर गंजक्या पोलादाजवळ फार दिवस टिकत नाही. काही पावसाळ्यांत जस्त संपतं, मग आतला साधा बोल्ट उघडा पडतो, आणि त्याचा गंज थांबणारा नसतो. बोल्ट त्याच जातीच्या पोलादाचे मागव. नट आणि वॉशरसुद्धा त्याच जातीचे, आणि हे कागदावर वेगळं लिही. लोक बोल्टाचं लिहितात आणि वॉशर विसरतात. आटे किती लांबीचे हवेत तेही लिही, नाहीतर कारखानदार या टोकापासून त्या टोकापर्यंत आटे पाडून मोकळा होईल. हवेत त्यापेक्षा दहा-बारा जास्तीचे मागव. आणि आले की डबे बंद ठेव. वरचं तेल सुकलं तर नट करकरतो, पान्याला जोर लागतो आणि आपल्याला वाटतं बोल्ट आवळला गेला.

आवळायची रीत अशी. आधी पत्र्यांचे सगळे थर एकमेकांना घट्ट भिडवायचे. मग बोल्टाचं टोक, नट आणि पत्रा या तिघांवरून रंगाची एक सरळ रेघ मारायची. मग नट फिरवायचा. नटाला सहा बाजू. आखूड बोल्टाला दोन बाजू फिरवायचं, मधल्याला तीन, लांबाला चार. नटावरची रेघ किती सरकली ते बघितलं की झालं. सोबत माझा तक्ता पाठवतोय. पस्तीस वर्षं शर्टाच्या खिशात होता. त्याच्यावरून टोळीतल्या प्रत्येकाला मी प्रत काढून दिली होती. आता तो तुझा.

एक मात्र ऐक. रेघेवर आंधळा विश्वास टाकू नकोस. नट न फिरवताही सरकलेली रेघ रंगवता येते, आणि ती दिसायला खऱ्यासारखीच असते. घरच्या माणसाने मारलेली असली तरी तपास. याहून जास्त मला विचारू नकोस.

तुझा,
मामा


२० जून

प्रिय मामा,

तुझं जस्ताचं म्हणणं मी साहेबांना माझं म्हणून ऐकवलं. त्यांनी चष्मा काढून पुसला, म्हणजे पटलं. एक कारखाना घडवून द्यायला तयार झालाय. बोल्ट, नट, वॉशर सगळं एका जातीचं, आट्यांची लांबी लिहून, बारा जास्तीचे. सहा आठवडे लागतील.

तक्ता मिळाला. त्याला अजून तेलाचा वास येतो. पण तो खालून कापलेला दिसतो, एक कोपरा तिरका गेलाय. खाली काही होतं का?

आता जे विचारू नकोस म्हणालास ते विचारते. तुझं पाकीट बाबांनीच टपालपेटीतून आणलं. अक्षर ओळखून त्यांनी ते टेबलावर पालथं ठेवलं. दुसऱ्या दिवशी मी घरी आले तर ते उभ्याउभ्या पत्र वाचत होते. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "रेघेचं लिहिलंय त्याने," आणि चप्पल घालून आपल्या पंपदुरुस्तीच्या दुकानात गेले. ताट वाढलेलं होतं, तसंच राहिलं.

मी तेव्हा नऊ वर्षांची होते. मला एवढंच सांगितलं होतं, की मामाचं आणि बाबांचं बोल्टावरून वाजलं. बोल्टावरून कुणी बावीस वर्षं भांडतं का रे? बाबांनी काय केलं होतं?

पट्टी


२ जुलै

चि. पट्टीस,

आशीर्वाद. आठ दिवस कागद पुढे घेऊन बसतोय आणि उठतोय. तुझ्या बापाबद्दल तुला लिहायचं, माझा हात धजत नाही. पण तू विचारलंस, आणि खोटं लिहिणं माझ्याच्याने होणार नाही.

आम्ही एका गोदामाचा मोठा सांगाडा उभा करत होतो. मी फोरमन, दाजी माझ्या टोळीत. खरं म्हणजे टोळीतला सगळ्यात चांगला हात त्यांचाच. खांबांच्या पायथ्याला जोडपेट्या होत्या, त्यात लांब बोल्ट, एकूण अठ्ठेचाळीस. बोल्टांची डोकी फिरू नयेत म्हणून पलीकडून अडकण लावली होती, त्यामुळे एका माणसाचं काम होतं. दाजींनी दोन दिवसांत उरकलं. रेघा बघायला गेलो तर प्रत्येक नटावर बरोब्बर चार बाजू. मी पाठ थोपटली.

महिन्याने तपासनीस आला. त्याने पाना लावला आणि नट सरकला. दुसरा लावला, तोही सरकला. अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस. रेघ सांगत होती चार बाजू फिरवलंय, आणि बोल्ट ढिले. मग रेघ खोटी, दुसरं काय असणार? आत माल उचलणारी माणसं काम करणार होती, पट्टी. सांगाडा हलला असता तर?

मी सगळ्यांसमोर विचारलं. ते म्हणाले, "चार बाजू दिल्यात." एवढंच. ना शपथ, ना आवाज चढला. मी अहवालात लिहिलं, 'खुणा खोट्या.' त्यांनी त्याच दिवशी पाना माझ्या पायाशी ठेवला आणि गेले. पुन्हा कुठल्याही सांगाड्यावर त्यांना कुणी घेतलं नाही. परका असता तर मी दोन दिवसांत विसरलो असतो. दाजींवर माझा जीव होता, म्हणून विसरता आलं नाही.

आणि तक्त्याचं म्हणशील तर तो खिशात मावत नव्हता, वर डोकावायचा. मीच कात्री लावली. खाली काहीतरी बारीक छापलेलं होतं, छापखान्याचं वगैरे असेल.

मामा


६ ऑगस्ट

प्रिय मामा,

हे पत्र बसून वाच.

बोल्ट आले. काळेभोर आणि जड, मुलाला उचलून घ्यावं तसे दोन्ही हातांनी घ्यावे लागतात. वापरायच्या आधी जास्तीच्या बारातले तीन चाचणीला घेतले. बोल्ट किती ताणला जातोय ते काट्यावर दाखवणारं यंत्र आहे, त्याच्यात आपल्या पेट्यांएवढी जाडी तयार करून बोल्ट घातला. थर भिडवले, रेघ मारली, आणि तुझ्या तक्त्याप्रमाणे चार बाजू फिरवल्या. फिरवताना मी स्वतः समोर उभी होते.

काटा हव्या त्या ताणाच्या सत्तर टक्क्यांवर थांबला. तिन्ही बोल्टांचं तेच. पाच बाजूंनाही कमीच. सहावी बाजू झाली, म्हणजे पूर्ण फेरा झाला, तेव्हा कुठे काटा हव्या त्या आकड्याच्या पुढे गेला.

कारण साधं आहे. आखूड रबर बोटभर ओढला की कडक होतो. लांब रबर तेवढाच ओढला तर ढिलाच राहतो. बोल्टाचंही तेच.

मग मी आमच्या ऑफिसातला पूर्ण तक्ता काढला. तुझ्या आवृत्तीचाच आहे, वर सालही तेच छापलंय. तू कापलेल्या जागी एक ओळ आहे. ती जशीच्या तशी उतरवते: 'जाडीच्या बारापटीहून लांब बोल्टांस हा तक्ता लागू नाही. किती फिरवावे ते चाचणी घेऊन ठरवावे.'

मी बाबांना काही बोललेले नाही. तुला फक्त एक विचारते. त्या गोदामाचे बोल्ट किती लांब होते? अंदाज नको, आकडा हवा.

पट्टी


१८ सप्टेंबर

चि. पट्टीस,

सहाशे वीस मिलिमीटर. जाडी चोवीस.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी माळ्यावरची पेटी काढून जुन्या वह्या पाहिल्या आणि आकडा सापडला. मग सहा आठवडे तुला लिहायची छाती झाली नाही.

आकडा तरी एक वेळ परवडला. त्याच्या पुढचं पान वाचलं आणि मी जिन्यातच बसलो. दाजी गेल्यावर दुसरी टोळी लावून मी ते अठ्ठेचाळीस सैल करून पहिल्यापासून पुन्हा आवळून घेतले होते. मी स्वतः त्यांच्या डोक्याशी उभा होतो. चार बाजू झाल्या तरी पाना सैल लागत होता, म्हणून मी "अजून, अजून" म्हणत राहिलो. वहीत माझ्याच अक्षरात लिहिलंय, 'सर्व नट सहा बाजू फिरवले, आता पक्के.' सहा, पट्टी! माझा तक्ता चार म्हणत होता आणि मी सहा लिहून सही केली. आपल्याला सहा का लागल्या, हे त्या दिवशी माझ्या डोक्यात आलं नाही. मी इतका चिडलेलो होतो, की ते माझ्याच हाताने लिहिलेलं मला दिसलं नाही.

त्यांनी चार बाजूच दिल्या होत्या. मी दिलेल्या तक्त्याप्रमाणे, मी सांगितल्याप्रमाणे. तो तक्ता मी खिशासाठी कापला होता. आणि खोटं लिहिलं ते मी लिहिलं.

ताई जाईपर्यंत मला एकदाच म्हणाली होती, "तुझे दाजी खोटं बोलत नाहीत रे, त्यांना जमतच नाही." मी तिला म्हणालो, तुला कामातलं काय कळतं.

आता तू बाबांना सांग. तू नीट सांगशील, आकड्यांसकट. मला तोंड नाही.

मामा


२२ सप्टेंबर

मामा,

नाही सांगणार.

तुझा राग आला, खरं सांगते. माझ्या शाळेत बापाचा धंदा विचारत तेव्हा मी 'पंप दुरुस्ती' लिहायची आणि बाबा दाराशी उभे राहून ते वाचायचे. त्यांचा चेहरा तेव्हा मला कळत नव्हता, आता कळतो. आणि तरीही तू सहा आठवडे जिन्यात बसलेला माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. दोन्ही एकदम वाटतंय, काय करू?

पण अहवाल तू लिहिला होतास, मग हेही तूच लिही. मी आकडे देते, चाचणीचा कागद सोबत जोडलाय.

कामाचं एक सांगून ठेवते. या बोल्टांना आम्ही सहा बाजू लिहिल्यात. त्यात गंमत अशी झालीय, की पूर्ण फेरा झाला की रेघ परत आपल्या जागी येते. नट फिरवला की नुसता बसून आहे, रेघेवरून काही कळत नाही. म्हणून मी कागदावर अट घातलीय: एकाने फिरवायचं आणि दुसऱ्याने समोर उभं राहून बाजू मोजायच्या. दोघांच्या सह्या.

पट्टी


१ ऑक्टोबर

ती. दाजींना,

नमस्कार.

बावीस वर्षांनी लिहितोय. पाकीट फाडून टाकलं नसेल तर पुढचं वाचा.

तुम्ही अठ्ठेचाळीस नटांना चार-चार बाजू दिल्या होत्या. रेघा खऱ्या होत्या. बोल्ट ढिले राहिले, कारण तेवढ्या लांब बोल्टाला चार पुरतच नाहीत, सहा लागतात. तक्त्यावर तशी ओळ होती. ती मी कात्रीने कापली होती, आणि कापलेल्या तक्त्याची प्रत तुम्हाला दिली होती. पट्टीने चाचणी घेतली, तो कागद सोबत आहे. माझ्या वहीचं पानही जोडलंय. त्यावर मीच सहा लिहिलेलं आहे.

मी तुमच्याबद्दल जे लिहिलं ते खोटं होतं. ती कंपनी आता राहिली नाही, त्यामुळे अहवाल बदलून मिळणार नाही. तेव्हाच्या टोळीतले चौघे हयात आहेत. चौघांना मी पत्रं टाकली, त्यांत हेच लिहिलंय, माझ्या सहीने.

माफ करा असं लिहायला घेतलं होतं. पण तुम्ही मागच्या महिन्यात साठी ओलांडलीत, म्हणजे जे गेलं ते मला परत करता येणार नाही. तरी लिहितो. मला माफ करा, दाजी.

तुमचा मेहुणा


९ ऑक्टोबर

तुझं पत्र मिळालं. दोनदा वाचलं. मग दुकान बंद केलं आणि पुन्हा वाचलं.

चार बाजू दिल्या होत्या, हे मला तेव्हा माहीत होतं. पण पाना लावल्यावर नट सरकला, तो मीही बघितला होता. पहिली दोन-तीन वर्षं मी तुला मनातल्या मनात शिव्या घातल्या. नंतर शिव्या संपल्या, आणि मला वाटायला लागलं, खरंच दिल्या होत्या का चार? ऊन फार होतं, शेवटच्या खांबापाशी पाय भरून आले होते. कदाचित तिथे तीनच दिल्या असतील. कदाचित आधीच्यांनाही. रेघा मी कधी मारल्या, तेही मला नीट आठवेनासं झालं.

पंप जोडताना मी प्रत्येक नट दोनदा बघतो. गिऱ्हाईकं हसतात. का बघतो ते तुझ्या ताईलाही कधी सांगितलं नाही. तू काम काढून घेतलंस, त्याचं दुःख मी पचवलं. माझ्या हाताची मलाच खात्री राहिली नव्हती, ते मात्र पचलं नाही. काल एक मोटर जोडली. नट एकदाच बघितले.

राग आहे. एका पत्राने जायचा नाही, तू तशी अपेक्षाही करू नकोस. पण तुझा तक्ता माझ्याही खिशात होता, आणि त्याची खालची कड तिरकी का हे मीही कधी विचारलं नाही.

पट्टीच्या पुलाचे बोल्ट वीस तारखेला बसवणार आहेत. ठेकेदाराच्या माणसांना दाखवायला पहिला बोल्ट मी आवळावा असं तिने ठरवलंय. मला न विचारताच. फिरवायचं मी बघतो. समोर उभं राहून सहा बाजू मोजायला आणि माझ्या नावाखाली सही करायला एक माणूस लागेल. ऐकू येत नसलं तरी चालेल.

सकाळी नऊला ये. चष्मा विसरू नकोस.

दाजी